उद्योगाचे घरी

१९१० सालची गोष्ट. औंध संस्थानातील कुंडलजवळचा तो माळ ओसाड होता; तेथे निवडुंगाचेच राज्य होते. औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या त्या जागेवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला.

‘लोखंडाने जमीन विषारी होते,’ अशी शेतकऱ्यांची समजूत. त्यामुळे आरंभी नांगरास गिऱ्हाईकच मिळेना. तरीही लक्ष्मणरावांनी धीर सोडला नव्हता. हळूहळू नांगर खपू लागले. कारागिरांना काम मिळाले, त्यांच्या वेतनावर दुकाने चालली, शेतांतील नांगरट खोल होऊ लागली. माळावर किर्लोस्करवाडी वसली.

मुलांनो, पेटीतला पैसा एकट्याचाच राहतो. उद्योगात घातलेला पैसा अनेक घरांच्या चुली पेटवितो.

प्रश्न : एक नांगर विकला गेला, तर कोणाकोणाचा लाभ होतो?