आजचं चिंतन : देण्याआधी विचारणं (गीता 17.20 ते 22)



आजचं वाचन गीतेच्या सतराव्या अध्यायातलं, श्लोक 20 ते 22. भगवंत इथे दानाचे तीन प्रकार सांगतात. द्यायलाच हवं म्हणून, परतफेड न करणाऱ्याला, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला दिलेलं दान सात्त्विक. परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने, किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. आणि जागा, वेळ, माणूस न पाहता किंवा समोरच्याचा मान न ठेवता दिलेलं ते तामस.

मला कॉलेजात वाटायचं, तामस दान म्हणजे भिकाऱ्याच्या अंगावर नाणं फेकणं. आपण काही तसं करत नाही, म्हणून बाविसावा श्लोक मी पटकन ओलांडायचो. पण तो श्लोक मी स्वतः जगलोय, आणि तेही हातात प्रसाद घेऊन.

2013 ची गोष्ट. मी पनवेलला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमचा काही मुलांचा ग्रुप रविवारी खारघरला जायचा. लोकलने तिसरं स्टेशन. खारघर पनवेल तालुक्यातच येतं आणि टाटा स्मारक केंद्राचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ तिथेच आहे. कॅन्सरच्या उपचारासाठी लांबलांबून लोक या भागात येतात, त्यात लहान मुलंही असतात. अशाच काही कुटुंबांना आम्ही त्यांच्या राहत्या खोल्यांवर भेटायचो.

एका संकष्टीला मी सकाळी महडच्या वरदविनायकाला जाऊन आलो आणि थेट तिकडे गेलो. सोलापूरकडच्या एका ताईंचा सहा वर्षांचा मुलगा होता, रक्ताचा कॅन्सर झालेला. मी त्याच्या उशाशी जास्वंदाचं फूल ठेवलं आणि पेढा, खोबरं पुढे केलं. ताईंनी प्रसाद कपाळाला लावला, कागदात गुंडाळला आणि पिशवीत ठेवून दिला. मग फूलही उचलून बाहेर नेलं. मुलगा नुसता बघत राहिला.

मला ते लागलं. मी म्हणालो, “ताई, देवाचा प्रसाद आहे. त्याने काही होत नाही.”

त्या अजिबात चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “दादा, देवावर माझा लई विश्वास हाय. पण त्याचे काउंट कमी हायत.”

काउंट म्हणजे काय, हे मला, इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला, शाळा अर्धवट सुटलेल्या त्या आईने समजावलं. केमोथेरपीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, मग साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणून पाणी उकळून, जेवण ताजं शिजवलेलं, उघड्यावरचं काही नाही, ताजी फुलं नाहीत, आणि येणाऱ्याने आधी हात धुवायचे. मी हातही धुतले नव्हते.

घरी येताना लोकलमध्ये मान खाली होती. पेढा वाईट नव्हता, श्रद्धाही खोटी नव्हती. पण जागा, वेळ, माणूस, तिन्ही मी पाहिले नव्हते. आणि वर त्या आईच्या श्रद्धेवरच शंका घेतली होती. गीता ज्याला अवज्ञा म्हणते ती हीच. आवाज न चढवताही ती होते.

पुढच्या रविवारी मी आधी हात धुतले आणि विचारलं, “ताई, तुम्हाला काय लागेल?” त्यांनी क्षणभर विचार केला. “उद्या सकाळी फाईल घेऊन लाईनीत उभं राहाल का? दोन रात्री झोप नाही.”

बस्स, एवढंच. सोमवारी लेक्चर बुडवून मी लाईनीत उभा राहिलो. मग इतर पालकही कामं सांगू लागले. कुणाचा इंग्रजी रिपोर्ट वाचून दाखव, कुणाचा रेल्वे सवलतीचा फॉर्म भर. राज्याची जीवनदायी योजना 2012 मध्ये रायगडसह आठ जिल्ह्यांत नुकतीच सुरू झाली होती (आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते). तिला पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड लागायचं, आणि कुणाचं तेच गावी राहिलेलं असायचं. गावी फोन लावून ते मागवणं, हीसुद्धा सेवाच होती.

आणि प्लेटलेट्स. केमोने त्याही घटतात. दान केलेल्या प्लेटलेट्स साधारण 5 दिवसच टिकतात, म्हणून देणारे सतत लागतात. मशीनवर दीड-दोन तास बसावं लागतं. ‘काल’ या शब्दाचा अर्थ मला तिथे कळला.

आज ऑफिसमध्ये आम्ही क्लायंटला न विचारता एक ओळ कोड लिहीत नाही. सेवा करताना मात्र रिक्वायरमेंट आपणच ठरवतो आणि समोरच्याने आनंदाने घ्यावं अशी अपेक्षाही ठेवतो.

एक गोष्ट कबूल करायची राहिली. मुलांमधल्या या आजाराचे उपचार बहुतेक वेळा दोन-तीन वर्षं चालतात. काही महिन्यांनी ते कुटुंब गावी गेलं, पुढच्या फेऱ्यांच्या वेळी माझी परीक्षा होती, आणि संपर्क तुटला. मी कितीतरी दिवस ताईंच्या फोनची वाट पाहिली. मुलगा बरा आहे, दादा, तुमची आठवण येते, असं काहीतरी ऐकायचं होतं. फोन आला नाही. आधी वाईट वाटलं, मग एकविसाव्या श्लोकाने पकडलं. पैसे नको होते मला, पण आठवण हवी होती. तीही परतफेडच ना? त्या आईने मला कळवायलाच हवं, असं कुठे ठरलं होतं? आजही त्या मुलाचं नाव घेऊन प्रार्थना करतो. त्याला उत्तर लागत नाही.

गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात येणारे रुग्ण आणि नातेवाईक राहतात. थकलेल्या माणसाला आधी पाठ टेकायला जागा लागते, हे त्या संताला दिसलं होतं.

आजचा अभ्यास : या आठवड्यात ज्याला मदत करायची आहे, त्याला आधी एकच प्रश्न विचारा, “तुम्हाला काय लागेल?” उत्तर आपल्या मनासारखं नसेल, तरी तेच करा. आणि नंतर फोनची वाट पाहू नका.

पांडुरंगा, आमचे हात स्वच्छ ठेव, आणि देताना मान झुकलेली असू दे.

जय हरी!