लिलीचा कंद

लिली हे कंदापासून येणारे फूलझाड आहे. बऱ्याच घरांच्या अंगणात ते असते. फूल लाल व कर्ण्यासारखे मोठे असते. त्याला सहा पाकळ्या दिसतात. आपण लिली म्हणतो, पण ही खरी लिली नव्हे. शास्त्रज्ञ तिला हिपिअस्ट्रम म्हणतात आणि दुकानात अमरिलिस म्हणतात. तिचे मूळ गाव लांब, दक्षिण अमेरिकेत आहे. इंग्लंडमध्ये आर्थर जॉन्सन नावाच्या घड्याळजीने १७९९ साली दोन जातींपासून तिची नवी जात तयार केली. घड्याळे दुरुस्त करता करता हे पण केले, म्हणजे कमालच!

आपल्याकडे लिली उन्हाळ्यात फुलते. युरोपात थंडीत बर्फ पडते, बाहेर फूल दिसत नाही. म्हणून तिथले लोक कंद कुंडीत लावून घरात खिडकीपाशी ठेवतात. नाताळाच्या सुमारास फूल येते. हे कसे जमते? तर कंदाला आधी झोपवतात. पाणी बंद करून आठ-दहा आठवडे थंड, कोरड्या जागी ठेवतात. मग उबेला आणून पाणी दिले की सहा ते आठ आठवड्यांत फूल येते. पुष्कळदा पानांच्या आधीच दांडा वर येतो. दांडा आतून पोकळ असतो.

पाने नाहीत तर जेवण कोठून आले? कंदातून. गुरुजींनी वर्गात कांदा उभा चिरून दाखवला. त्यात एकावर एक पापुद्रे होते. लिलीचा कंदही आतून असाच असतो. पापुद्र्यांत अन्न साठते आणि मधे कळी लपलेली असते. म्हणून फूल गेल्यावर हिरवी पाने कापू नयेत. तीच पुढच्या वर्षाचे अन्न करतात.

कांदा व लिली एकाच कुळातले आहेत. पण लिलीचा कंद विषारी आहे! खाल्ला तर उलट्या होतात. गुरांना, शेळ्यांना, कुत्र्यालाही तो बाधतो. आमची आजी कंद कांद्याच्या टोपलीजवळ ठेवूच देत नाही. आई-बाबांनो, तुम्ही पण वेगळे ठेवा. लहान पोरं काय पण तोंडात घालतात.

लावताना डबा असला तरी चालतो, फक्त बुडाला भोक पाहिजे. नाहीतर पाणी साचून कंद कुजतो. कंदाची मान मातीच्या वर ठेवावी, पुरू नये. पाणी मानेवर न ओतता कडेने घालावे. दांडा उजेडाकडे वाकतो, म्हणून डबा रोज थोडा फिरवावा.

मोठ्या कंदाच्या कडेला छोटी पिल्ले येतात. ती वेगळी करून लावतात. पिल्लाला फुलायला दोन-तीन वर्षे लागतात. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात पाच पिल्ले लावली आहेत. आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. त्यामुळे त्यांना पाणी घालायचे काम पहिली-दुसरीच्या मुलांनी घेतले आहे.