वेळापत्रकातील शेवटचा तास

गेल्या जून महिन्यात उपमुख्याध्यापकपदाची सूत्रे माझ्याकडे आली. त्यानंतर आठ-दहा दिवसांतच आठवीच्या एका विद्यार्थ्याने मला जिन्यात थांबवून विचारले, "सर, आता तुम्ही काय शिकवणार?" चौदा वर्षे मी या शाळेत गणित शिकविले होते, त्यामुळे त्याचा प्रश्न स्वाभाविकच होता. मुख्याध्यापक शाळा चालवितात, शिक्षक शिकवितात, लिपिक दाखले देतात, शिपाई घंटा वाजवितात, हे प्रत्येक मुलास ठाऊक असते. उपमुख्याध्यापक काय करतो, हे मात्र कोणासच नीटसे ठाऊक नसते. आणि खरे सांगावयाचे तर त्या दिवशी मलाही ते पुरते ठाऊक नव्हते. त्या विद्यार्थ्याला मी हसून वाटेला लावले. आज वर्ष संपत आले असता त्याच्या प्रश्नाचे उत्तर या लेखात देण्याचा प्रयत्न करीत आहे.

माझा दिवस सकाळी पावणेदहाला सुरू होतो. प्रथम शिक्षकांचे हजेरीपत्रक पाहावयाचे, रजेवर कोण आहे याची नोंद घ्यावयाची आणि प्रार्थनेपूर्वी बदली तासांचा तक्ता फळ्यावर लावावयाचा. मग फाटकाशी उभे राहावयाचे. दुपारी अक्षरदासोह योजनेच्या भोजनाची संख्या व वर्गांची हजेरी यांचा मेळ घालावयाचा. मधल्या काळात टपाल येते. आपले बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले आणि १९७३ पासून त्या राज्यास कर्नाटक हे नाव मिळाले. त्यामुळे शिक्षण खात्याची परिपत्रके कानडीतून येतात. ती वाचून त्यांतील अर्थ मराठीत शिक्षकांपुढे मांडणे हेही माझ्याकडेच असते. एखादा शब्द अडला की मी कानडीच्या शिक्षिकांकडे जातो. अल्पसंख्य भाषिक समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे राज्यघटनेचे ३५०अ हे कलम सांगते. ते १९५६ सालच्याच सातव्या घटनादुरुस्तीने आले. घटनेने दिलेला हा आधार मोठा खरा. परंतु रोजच्या व्यवहारात तो टिकवावयाचा तर शेजारच्या भाषेशी मैत्री ठेवावी लागते, हा मला या पदाने दिलेला पहिला धडा होय.

तथापि या पदाचे खरे काम वेळापत्रक हे होय. विद्यार्थ्यांना ते वर्गाच्या दारावर चिकटविलेला एक कागद वाटतो. त्यामागचे गणित थोडक्यात सांगतो. आपल्या शाळेत आठवी, नववी व दहावी या इयत्तांच्या प्रत्येकी ४, म्हणजे एकूण १२ तुकड्या आहेत. सोमवार ते शुक्रवार दररोज ८ तास व शनिवारी ५, असे प्रत्येक तुकडीचे आठवड्याचे ४५ तास होतात. १२ तुकड्यांचे मिळून ५४० तास झाले. मुख्याध्यापक व मी यांना वगळल्यास शिक्षक २० आहेत. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास सरासरी २७ तास येतात. कोणत्याही क्षणी १२ शिक्षक वर्गात व ८ शिक्षक मोकळे असतात. हे मोकळे शिक्षक रिकामे बसलेले असतात, असा आपला समज असतो. वस्तुतः वह्या तपासणे व पाठाची तयारी करणे यासाठीच तो वेळ असतो. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात शिक्षकाच्या आठवड्याच्या कामाचे किमान ४५ तास सांगितले आहेत, त्यांतही पाठाच्या तयारीचा वेळ धरलेला आहे. एका दिवशी ४ शिक्षक रजेवर गेले, तर सुमारे १९ तास अनाथ होतात. ते सर्व याच मोकळ्या वेळातून भरून काढावे लागतात. बदली तास देताना आपण कोणाच्या तरी वह्यांचा वेळ घेत असतो, हे मी स्वतः शिक्षक असताना जाणून होतो. आता तो वेळ घेणारा मीच झालो.

आता माझ्या हातून जी चूक झाली, ती सांगतो. वेळापत्रक करताना मी सर्वप्रथम दहावीच्या चार तुकड्या भरल्या, कारण त्यांची शालान्त परीक्षा. मग नववी, मग आठवी 'अ', 'ब', 'क', आणि सर्वांत शेवटी आठवी 'ड'. गणिताचे प्रत्येक तुकडीस आठवड्याला ६, म्हणजे एकूण ७२ तास, आणि तो विषय शिकविणारे शिक्षक तिघेच. आठवी 'ड'पर्यंत येईतो त्यांच्या सोईच्या जागा संपून गेल्या होत्या. उरलेल्या जागांत गणित बसविले, तेव्हा पाचपैकी चार दिवस ते आठव्या तासाला, म्हणजे चार-वीस ते पाच या वेळात आले. कागदावर एकही तास दुसऱ्यावर चढला नाही, एकही शिक्षक एका वेळी दोन वर्गांत पडला नाही. मुख्याध्यापकांनी तक्त्यावर सही केली आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

सहामाही परीक्षेत आठवी 'ड'चा गणिताचा निकाल फार खाली आला. ४१ मुलांच्या त्या वर्गात काही मुलांच्या उत्तरपत्रिका तर जवळजवळ कोऱ्या होत्या. चार शब्द सुनवावेत, या हेतूने मी वर्गावर गेलो. फळ्यावर दोन पदांच्या बेरजेचा वर्ग लिहिला आणि खिडकीजवळच्या एका मुलीला त्याचा विस्तार करण्यास सांगितले. ती उभी राहिली, फळ्याकडे पाहत राहिली. "शिकविले नाही का हे?" मी जरा चढ्या आवाजात विचारले. ती हळूच म्हणाली, "शिकवलं असेल, सर. तेव्हा आम्ही बसमध्ये होतो."

मी कार्यालयात परतलो व माझ्या टेबलाचा खण उघडला. त्यात बाहेरगावच्या मुलांचे जूनमधले अर्ज होते. चार-पंचेचाळीसची बस चुकल्यास नंतरची बस सातला असते, आणि गावच्या फाट्यापासून पुढची वाट अंधारी आहे. म्हणून सातवा तास संपताच घरी जाण्याची परवानगी मिळावी, अशी पालकांची विनंती. त्यांत आठवी 'ड'चे अर्ज ११ होते. प्रत्येकावर 'परवानगी दिली' असे लिहिलेले होते आणि खाली माझीच सही होती. त्याच खणात, त्याच अर्जांखाली, वेळापत्रकाची माझ्या हातची प्रत पडलेली होती. हे दोन कागद साडेतीन महिने एकमेकांना लागून होते; ते एकत्र ठेवून पाहणे मात्र मला सुचले नव्हते.

हिशेब केला. आठवड्याला ४ तास, असे १५ आठवड्यांचे ६० तास. आपला एक तास ४० मिनिटांचा असतो. म्हणजे घड्याळाचे पुरे ४० तास. वर म्हटलेल्या कायद्याने सहावी ते आठवीच्या मुलांना वर्षाला किमान २२० दिवस व १००० घड्याळी तासांचे अध्यापन मिळावयास हवे. त्यांतील ४० तास, आणि तेही एकाच विषयाचे, मी या ११ मुलांकडून काढून घेतले होते. आणि वर त्यांनाच जाब विचारावयास गेलो होतो!

चूक कळली तरी ती दुरुस्त करणे सोपे नव्हते. वर्षाच्या मध्ये एक तास हलविला की चार तास हलतात. गणित तिसऱ्या तासाला आणावयाचे, तर त्या वेळी तेथे मराठी शिकविणाऱ्या गुरुजींना आठवा तास घ्यावा लागणार. हे गुरुजी माझेही शिक्षक. याच शाळेत त्यांनी मला शिकविले आहे. चारचौघांत ते मला 'उपमुख्याध्यापक' म्हणून संबोधितात, एकांतात मात्र अजून 'तू' म्हणतात. दिवसअखेरीस त्यांचे गुडघे दुखतात, हे ठाऊक असल्याने त्यांना विचारण्यास मी दोन दिवस लावले. सर्व ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "तास मी घेईन. पण मग ही मुले गणिताऐवजी मराठीला मुकतील. तू नुसती जागा बदलतो आहेस, तोटा तसाच ठेवतो आहेस." मी म्हणालो, "मग चित्रकला आणि शारीरिक शिक्षण शेवटी ठेवू." तेथे बसलेल्या चित्रकलेच्या शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, "सर, माझा विषय बुडाला तर चालतो, असे का आपल्याला वाटते?" या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते.

शेवटी आम्ही एकत्र बसून जो मार्ग काढला तो असा. आठवी 'ड'चे पाच दिवसांचे शेवटचे तास पाच निरनिराळ्या विषयांना वाटून दिले: मराठी, कानडी, इतिहास, चित्रकला व शारीरिक शिक्षण. कोणत्याही विषयाचा आठवड्याला एकाहून अधिक तास बुडू नये, आणि बुडालेल्या भागाची उजळणी त्या त्या शिक्षकाने पुढच्या तासाच्या आरंभी करावी. शनिवारी शाळा सकाळची असते व बस दुपारी दोनला सुटते. तो मधला वेळ गणिताच्या शिक्षकांनी या ११ मुलांसाठी आपणहून दिला. बसची वेळ अर्धा तास पुढे न्यावी, असा पालकांच्या सह्यांचा अर्ज मुख्याध्यापकांनी पाठविला आहे. त्याचे उत्तर यावयाचे आहे. ही व्यवस्था निर्दोष नाही. पाच शिक्षकांनी थोडा थोडा भार उचलला, एवढाच तिचा अर्थ.

त्यानंतर मी आठवी 'ड'च्या वर्गात गेलो आणि चूक माझी होती, असे सर्वांसमोर सांगितले. असे केल्याने पदाचा मान कमी होतो की काय, अशी मनात धाकधूक होती. तसे झाले नाही. उलट दुसऱ्याच दिवशी त्या वर्गातील दोघे कार्यालयात आले आणि खिडकीची एक फळी मोडल्याने पावसाचे पाणी आत येते, असे त्यांनी सांगितले. ती जुलैपासून मोडलेली होती. चूक कबूल करणाऱ्या माणसापाशी लोक तक्रार घेऊन येतात. न करणाऱ्यापासून ते ती लपवितात.

विद्यार्थिमित्रांनो, या वर्षात जे शिकलो त्याचे सार दोन गोष्टींत सांगता येईल. पहिली ही की, कोणतीही वाटणी करताना आपण कोणापासून आरंभ करतो, यावर शेवटच्याच्या ताटात काय पडते हे ठरते. पुढील वर्षाचे वेळापत्रक करावयास मी बसेन, तेव्हा प्रथम बाहेरगावच्या मुलांचे अर्ज समोर ठेवीन आणि ज्या तुकडीत ती अधिक, तिच्यापासून आरंभ करीन. दुसरी ही की, अडचण वेळीच सांगणे हा उद्धटपणा नव्हे. त्या मुलीने एक वाक्य धीर करून उच्चारले नसते, तर मी आजही आठवी 'ड'ला आळशीच म्हणत बसलो असतो.

वार्षिक परीक्षा अजून व्हावयाची आहे; त्या ११ मुलांचा निकाल काय लागेल हे आज मला सांगता येत नाही. परंतु जिन्यात मला प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याला आता उत्तर देता येईल. बाळ, यंदा मी काहीच शिकविले नाही. यंदा मी आठवी 'ड'त शिकत होतो.