अंगणातील खेळ : बालकाच्या वाढीचा पाया

लहान मूल धावू-उड्या मारू लागले की, “किती हा दंगा! एका जागी बस पाहू,” असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः ही धावपळ म्हणजे खोडी नसून वाढत्या शरीराची गरज होय. तीमुळे हाडे व स्नायू बळकट होतात, तोल सांभाळता येतो आणि झोपही शांत लागते.

किती हालचाल आवश्यक?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार, एक ते चार वर्षांच्या बालकांची दिवसातून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी. तीन वर्षांनंतर त्यांपैकी ६० मिनिटे तरी दम लागेल असा खेळ असावा. हे तीन तास सलग नसावेत. ते दिवसभर विभागलेले असावेत. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी मोबाईल वा दूरदर्शनसमोर एका तासाहून अधिक वेळ बसू नये. त्याहून लहान मुलांना तर यापासून दूरच ठेवावे.

जागेची अडचण

बेळगावला लागून असलेल्या हिंडलग्यासारख्या गावांत शेतांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या, रस्त्यांवर वाहनांची वर्दळ वाढली. परिणामी मुलांचे अंगण आक्रसले. तथापि, यावर उपाय आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले; अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या कल्पनेचे मूळ तेथेच आहे.

आपण काय करावे?

अंगणवाडी सेविकांनी व शिक्षकांनी दररोज ठरावीक वेळी शिवाशिवी, लंगडी, आंधळी कोशिंबीर असे खेळ घ्यावेत. त्यांना साहित्याचा खर्च नाही. पावसाळ्यात ओसरीवर फुगडी, बेडूकउड्या, तालावर नाच घेता येतो. ग्रामपंचायतीने देवळाचे अथवा शाळेचे पटांगण सायंकाळी मुलांसाठी मोकळे व वाहनांपासून सुरक्षित ठेवावे.

मुलींचा विसर पडू नये. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी पाच-सहा वर्षांच्या मुलीला उंबऱ्यावर बसवून ठेवणे हे तिच्या वाढीवर अन्याय करणारे आहे. खेळण्याचा हक्क तिलाही तितकाच आहे.

आईवडिलांनी, आजी-आजोबांनी रोज थोडा वेळ मुलांबरोबर खेळावे. मोठी माणसे खेळात उतरली की मुलांना वेगळा आग्रह करावा लागत नाही.