सुई मोजून ठेव

परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, जावेला सातवा लागलाय. बाळंतविडा यंदा मी घरीच शिवणार. काय काय आणू ते सांग." तेव्हा सांगितलं असतं तर हो-हो करून दुसऱ्या दिवशी तू बाजारातून नवंकोरं कापड घेऊन आली असतीस, म्हणून लिहून पाठवतेय. यातलं निम्मं माझ्या सासूबाईंचं, थोडं तुझ्या आजीचं, आणि उरलेलं मी करून बसले त्या चुकांमधून आलेलं.

आधी हेच ऐक. दुपट्यासाठी काहीच आणू नकोस. तान्ह्याच्या अंगाला जुनं कापड लागतं. पूर्वी बारशापर्यंत नवं घालायचंच नाही अशी रीत होती. तिला लोक काय वाटेल ती कारणं देतात, पण मी इचलकरंजीची आहे, मला त्यात खळ दिसते. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली इथं पहिला यंत्रमाग बसवला. मी लग्न होऊन आले तोवर मागाची खडखड थांबली की माणसांना जाग यायची! मागावर चढवण्याआधी उभ्या धाग्याला खळ देतात, नाहीतर तो तुटतो. आमच्याकडं त्याला सरळ सायझिंगच म्हणतात. नव्या कापडातली ती ताठरता चार-पाच धुण्यांशिवाय पुरती जात नाही. तुझ्या आईच्या कपाटात तळाशी जी दोन सुती पातळं पडून आहेत, त्यांची शे-दोनशे धुणी झालेली असतील. ती माग. ती देणार नाही म्हणेल. "नातवंडाच्या दुपट्याला पाहिजे" म्हण, मग देईल.

पातळ हातात आलं की उजेडासमोर धर. बसायच्या जागी आणि टाचेजवळच्या काठाला ते आधी विरतं, कमरेला खोचायचं आतलं टोक बहुधा शेवटपर्यंत दमदार राहतं. दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हलकं ताण. चर्र आवाज आला तर तो तुकडा मधल्या थरात जाईल, वरखाली नाही. फेकायचा मात्र नाही, कारण विरलेल्या कापडाइतकं मऊ काही नसतं. आणि हल्ली सुती म्हणून घेतलेल्या साडीत काय काय निघतं, त्यामुळं कडेचा एक धागा काढून स्टीलच्या ताटलीत जाळून बघ. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. दोन्हीची सरमिसळ करू नकोस. धुतल्यावर सुती कापड आटतं, दुसरं आटत नाही, आणि अख्खं दुपटं चुण्यांनी भरतं.

माझं पहिलं दुपटं नणंदेच्या मुलासाठी होतं. वरचे दोन थर जुन्या धोतराचे, पांढरेशुभ्र, आणि हौसेनं खाली नवं लाल अस्तर लावलं. न धुता. पहिल्याच रात्री पोरानं ते भिजवलं आणि सकाळी त्याचं अंग, धोतर, नणंदेचा परकर, सगळं गुलाबी. नणंद म्हणाली, "वहिनी, रातोरात जोतिबाला नेऊन आणलं होय याला?" तेव्हापासून रंगीत चिंधीसुद्धा आधी गरम पाण्यात धुते आणि ओली असतानाच पांढऱ्या फडक्यावर ठेवून वरून इस्त्री फिरवते. फडक्याला डाग पडला तर ती पुन्हा धुवायची. तिसऱ्यांदाही डाग पडला तर पिशवीला वापरायची. मिठानं रंग पक्का होतो म्हणतात. मी पुष्कळ मीठ वाया घालवलंय.

आता अंथरणं. दुपटं म्हणजे मीटर-सव्वा मीटरचा चौकोन आणि तीन थर. मोठ्या वाकळेला पाच-सात थर लागतात, त्या फंदात आत्ता पडू नकोस. फरशी पुसून कोरडी कर, खालचा थर ताणून पसर, चारी कोपऱ्यांवर वजन ठेव. आम्ही विटा ठेवायचो, तू डाळीचे डबे ठेव. प्रत्येक थर पसरल्यावर तळहातानं मधून कडेकडे सारवल्यासारखा हात फिरव. मग कच्चे टाके, तेही मधून सुरू करून बाहेर, वीत-वीत अंतरावर. याचा कंटाळा येतो. मलाही यायचा. पण पक्का धावदोरा आपण कडेनं सुरू करून गोल गोल आत नेतो, आणि कच्चे टाके नसतील तर थरांतलं सगळं सैल कापड पुढं सरकत सरकत मधोमध गोळा होतं. सासूबाई म्हणायच्या, "पोट सुटलं बघ तुझ्या वाकळेचं." एकदा सुटलेलं पोट इस्त्रीनं बसत नाही, उसवावंच लागतं.

कडेनं आत जायची ही पद्धत आपलीच असं मला वाटायचं. मग एका प्रदर्शनात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांच्या कवंदी बघितल्या. त्याही एका कोपऱ्यातून सुरू करतात आणि चौकटीत फिरत मध्याकडं येतात. चारी कोपऱ्यांना रंगीत चिंधीची त्रिकोणी घडी लावतात, तिला फुला म्हणतात. भाषा कोकणी, त्यामुळं आमचं बरंचसं जमलं. घरी येऊन मीही चार फुला लावल्या. सासूबाईंनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "कोपरा फाटायचा नाही आता." त्यांना शोभेचं काही दिसलंच नाही.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत एका बोटाचं अंतर. ओळी विरळ झाल्या की जुनं कापड आतल्या आत सरकतं आणि फाटलं तर लांबवर फाटत जातं. जवळ असल्या की फाटणं दोन ओळींमध्येच अडकतं. दोरा सुतीच घे आणि हातभरच. सुई पुन्हा पुन्हा ओवायला नको म्हणून लांब घेतलास तर गुंता सोडवण्यात दुप्पट वेळ जाईल. सुई ओवायच्या आधी दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढून घे, मग तो पिळत नाही. अंगुस्तानाची सवय पहिल्या दिवसापासून लाव. मी तोऱ्यात लावली नव्हती, आणि पांढऱ्या धोतरावर माझ्या बोटाचे ठिपके अजून आहेत. गाठ वर ठेवायची नाही. दोरा संपत आला की तिथंच तीन उलटे टाके घाल आणि टोक थरांच्या मधून लांब नेऊन काप. तुला गाठ बारीक वाटते, पण पाठीखाली रात्रभर ती टोचत राहते आणि ज्याला टोचते त्याला बोलता येत नसतं.

सासूबाई शेवटचा टाका घालण्याआधी मोठ्या वाकळेच्या पोटात भाकरीचा चतकोर सरकवायच्या, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. मी भक्तिभावानं दुपट्यात ठेवला होता. मुंग्या आल्या. तू ठेवू नकोस.

दुपारी जेवणं आवरली की आम्ही दोघी वाकळेच्या दोन बाजूंना बसायचो. सासूबाई एरवी फार बोलत नसत. पण नजर सुईवर असली की माणसाला एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, आणि मग बोलणं सुटतं. घरातली देणीघेणी, कुणाचं लग्न कसं मोडलं, सगळं मी तिथंच ऐकलं. मला पाचवा महिना होता तेव्हा एका दुपारी, मान वर न करता, त्या म्हणाल्या की आपण एक दुपटं शिवलं होतं, ते कुणी वापरलंच नाही. मी काही विचारलं नाही. त्या उठल्या, ट्रंकेतून ते काढून आणलं. दुमडीवर पिवळं पडलेलं, बाकी कोरं. "उसव," म्हणाल्या. दोन दुपारी आम्ही ते उसवत बसलो, धागा धागा, कात्री न लावता. त्याचं कापड तुझ्या आतेभावाच्या दुपट्यात मधल्या थरात गेलं. त्यानं पुढं ते दाताखाली धरून, अंगणात फरफटवून, दोन वर्षांत त्याच्या चिंध्या केल्या. सासूबाई ते उन्हात घालायच्या तेव्हा फाटलेल्या जागा मोजायच्या, आणि दर खेपेला आकडा वाढलेला मला येऊन सांगायच्या.

झबल्याचं आता. जन्मलेल्या बाळाच्या मापाचं शिवू नकोस, तीन महिन्यांचं शीव. जन्मताना डोक्याचा घेर साधारण 35 सेंटीमीटर असतो, तिसऱ्या महिन्यात तो 40 च्या घरात जातो. हौसेनं शिवलेलं इवलंसं टोपडं चार आठवड्यांत कपाळावर वळ उठवतं. झबलं पुढून उघडं, एका कडेवर दुसरी कड येणारं, बंद बगलेकडं आणि आखूड. गळ्याशी नाडी नको, बटण नको, कारण बटण आज ना उद्या तोंडात जातंच. गळ्याला आणि बाहीला उरेब पट्टी लाव, सरळ पट्टी वळणावर ओढली जाते आणि काचते. शिवण आतून लागते म्हणून तान्ह्याला आम्ही पहिले दिवस झबलं सरळ उलटंच घालायचो. टोपड्याचे बंद बाळ मांडीवर असताना बांधायचे, झोपवताना टोपडं काढून ठेवायचं.

कुंची खणाची कर, ती बारशाच्या फोटोपुरतीच असते. पण आतून जुन्या पातळाचं अस्तर दे. खणाची जर आणि तान्ह्याची मान यांची गाठ पडू देऊ नकोस. गोटा लावायचाच तर पाठीवरच्या झुलीला लाव, चेहऱ्याजवळ नको. लाळेरी मात्र डझनभर कर, दोन थरांची, साधी. सगळ्या बाळंतविड्यात बाई मनापासून दुवा देते ती लाळेऱ्यांना.

मोहरीची उशी मी आयुष्यभर केली. आता डॉक्टर सांगतात की वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना उशी नको, अंगाभोवती सैल पांघरूणही नको. मला आधी राग आला. मग तुझ्या आतेबहिणीनं कारण समजावून सांगितलं, की ते तोंडावर आलं तर बाळाला बाजूला सारता येत नाही. पटलं. तेव्हा उशी बाद. दुपटं खाली अंथरायला, मांडीवर घ्यायला, न्हाल्यावर टिपायला आहे, झोपलेल्या बाळाला एकटं त्यात गुंडाळून ठेवायला नाही, हे जावेला नीट सांग.

मशिन वापरू का, असं तू चोरट्या आवाजात विचारलंस. खुशाल वापर. झबल्याच्या बगला, पिशवीच्या कडा हाताच्या शिवणीपेक्षा मशिनवर पक्क्या होतात. पातळ सुती कापडाला 11 नंबरची सुई, नेहमीच्या सुतीला 14 ची, आणि चार पदर एकत्र येतील तिथं 16 ची. तेल घातल्यावर आधी दोन-चार वार चिंधीवर टीप मार, नाहीतर पांढऱ्या झबल्यावर तेलाची नक्षी उठते. दुपट्याचा धावदोरा मात्र हातानंच. मशिनची टीप जुन्या कापडाला घट्ट आवळते आणि दर टाक्याला भोक पाडून त्याच रेषेत फाडते. हे मी हौसेपायी सांगत नाही, दोन दुपटी तशी गेलीत.

उरलेल्या तुकड्यांचं काय, तर एक चंची कर तुझ्या सासऱ्यांना. पान खात नसले तरी औषधाच्या गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा कप्प्यांत छान बसतात.

सगळं झालं की गरम पाण्यात धू, कडक उन्हात वाळव, घडी घाल. त्यात डांबराच्या गोळ्या अजिबात टाकू नकोस. काही बाळांच्या रक्तात एक उणीव असते, अशा बाळाला त्या वासानं कावीळ होऊन जीवावर बेतू शकतं, आणि कुणाच्यात ती आहे ते आधी कळत नाही. वेखंडाचा तुकडा किंवा वाळवलेला कडुलिंबाचा पाला मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेव, देताना पुरचुंडी काढून घे. आणि देताना "किती दिवस लागले माहितीये का" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. पुढं त्यांच्या घरी गेलीस आणि दुपट्यानं मोरी पुसताना दिसली तरी चहा पिऊन परत ये.

राहिली सुई. शिवायला बसताना डबीतल्या सुया मोजायच्या, उठताना पुन्हा मोजायच्या. टाचण्याही. दुपटं हातावेगळं करण्याआधी दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवायचा. एका रात्री आमच्या डबीत सातातल्या सहाच निघाल्या. सासूबाईंनी घरातल्या आठ माणसांना उठवलं. बॅटऱ्या घेऊन फरशी, सतरंजी, उंबरा सगळं झालं, मामंजींना खुर्चीवरून उठवून खुर्ची उलटी केली, शेवटी अर्धं शिवलेलं दुपटं उसवायला घेतलं. पहाटे चारला सुई सापडली. सासूबाईंच्याच पदराला खांद्याशी टोचलेली होती. त्या हसल्या नाहीत, आणि आमची कुणाची हिंमत झाली नाही.

तर तू ज्या दिवशी पहिला टाका घालशील, त्या दिवशी तुझ्या डबीत किती सुया आहेत तेवढं मला फोन करून सांग. मी इकडं कॅलेंडरवर लिहून ठेवते.