अभ्यासपाठ : हिरवे रान, गरीब माती



आदिवासी बांधवांसाठी आपण मदत पाठवतो, तेव्हा त्यांचे जीवन ज्या मातीवर उभे असते ती मातीही समजून घेतली पाहिजे. या पाठासाठी आपण दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीचे खोरे घेतले आहे.

एवढे घनदाट रान उभे आहे, म्हणजे खालची माती कसदार असणार, असे कोणालाही वाटेल. १९७० च्या दशकात ब्राझील सरकारने रानातून मोठा रस्ता काढला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शेतकरी कुटुंबे वसवली. ती जमीन मोकळी समजली गेली. प्रत्यक्षात तेथे आदिवासी राहत होते. रान तोडून केलेली शेते पुष्कळ ठिकाणी थोड्याच वर्षांत उतरली आणि अनेकांना ती सोडून जावे लागले. असे का झाले?

कस कुठे असतो?

पुराचे पाणी जेथे पोहोचत नाही, तेथील माती फार जुनी आहे. लाखो वर्षांच्या पावसाने तिच्यातील चुना आणि पालाश धुऊन नेले. उरलेला स्फुरद लोह व ॲल्युमिनियमला घट्ट चिकटून बसतो, म्हणून पिकाला मिळत नाही. रानाची शिदोरी मातीत नसून झाडांतच असते. पान गळते, कुजते आणि वरच्या थरात पसरलेली बारीक मुळे व बुरशी त्यातील पोषकद्रव्ये लगेच उचलून पुन्हा झाडाला देतात. सहारा वाळवंटातून समुद्र ओलांडून येणाऱ्या धुळीबरोबर दरवर्षी सुमारे २२ हजार टन स्फुरद या खोऱ्यावर पडतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. हा आकडा मोठा वाटला, तरी हेक्टरी तो जेमतेम मूठभर होतो.

झाड गेल्यावर

झाडे तोडून जाळली की राखेमुळे एक-दोन वर्षे पीक चांगले येते. पण पावसाचा मारा अडवायला पाने नसतात आणि माती धरायला मुळे नसतात. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस राख, पालापाचोळा आणि वरची माती ओढ्यात घेऊन जातो. त्यावर गुरे चारली तर जमीन तुडवून घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि धूप वाढते.

जुने रहिवासी लहान तुकडा तोडत. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो, तो कसावा काही वर्षे लावत आणि मग तो तुकडा बरीच वर्षे रानाला परत देत. या विश्रांतीत झाडे पुन्हा वाढून शिदोरी भरून निघत असे. रान हिरावले गेले, उरलेली जागा अपुरी पडली, की विश्रांतीची वर्षे कमी होतात आणि माती थकते. अशा वेळी दोष मात्र आदिवासींच्या शेतीला दिला जातो.

धुपीची दुसरी बाजू

अँडीज पर्वतातून धुपून आलेला गाळ पुराबरोबर नदीकाठी पसरतो आणि तेथील जमीन सुपीक करतो. म्हणजे एकाची गेलेली माती दुसऱ्याला मिळते. पण पुराच्या वर असलेल्या जमिनीची गेलेली माती नदी वर आणून देत नाही.

माणसाने घडवलेली काळी माती

याच खोऱ्यात ठिकठिकाणी काळीभोर, कसदार माती सापडते. तिच्यात कोळसा, माशांची हाडे आणि मडक्यांच्या खापऱ्या असतात. शेकडो, काही ठिकाणी हजारो वर्षांपूर्वी तेथील आदिवासींच्या वस्त्यांनी ती घडवली आणि तिचा कस आजही टिकून आहे. शिंगू नदीच्या वरच्या भागातील कुइकुरो लोक आजही चुलीची राख, कोळसा आणि उरलेसुरले अन्न उकिरड्यावर साठवतात व पुढे त्याच काळ्या जागी पिके लावतात.

ज्यांना अडाणी म्हटले गेले, त्यांनी गरीब मातीतून सुपीक माती केली. म्हणून मदत घेऊन जाताना आपण शिकवायलाच जातो असे समजू नये, विचारायलाही जावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. रानातील पोषकद्रव्ये मातीत न राहता झाडांत का राहतात?
२. विश्रांतीची वर्षे कमी झाली तर त्याला जबाबदार कोण?
३. आपल्या घरातील राख आणि ओला कचरा कुठे जातो?