घोरणारं मूल : ऑपरेशन की थोडी वाट?

प्रश्न : मुलगा ७ वर्षांचा. रात्री घोरतो. झोपेच्या तपासणीत श्वासाला सौम्य अडथळा निघाला. डॉक्टर टॉन्सिल्स-अ‍ॅडिनॉइड काढा म्हणतात; सासूबाई म्हणतात, वाढत्या वयात जाईल. कुणाचं ऐकू?

उत्तर : सासूबाई अगदीच चुकीच्या नाहीत. अमेरिकेतल्या ‘चॅट’ या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली आले. ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं. काहींचं लवकर ऑपरेशन, बाकीच्यांवर नुसतं लक्ष. कुणाला काय, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं, म्हणूनच तुलनेला वजन. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी नॉर्मल आली. न झालेल्यांपैकीही ४६ टक्के. वागणूक ऑपरेशननंतर जास्त सुधारली. एकाग्रतेच्या चाचण्यांत मात्र म्हणावा असा फरक नव्हता. (‘अभ्यासात डोकं चालेल’ एवढ्यासाठी टॉन्सिल्स काढू नका.)

एक मेख आहे. झोपेत बराच वेळ ऑक्सिजन खूप कमी राहणारी मुलं या चाचणीत घेतलीच नव्हती. तेव्हा रिपोर्टातला ऑक्सिजनचा आकडा डॉक्टरांकडून समजून घ्या. तो ठीक असेल, वजन-वाढ नीट असेल, तर त्यांच्या देखरेखीखाली काही महिने थांबायला माझी हरकत नाही. झोपेत श्वास अडकताना दिसला, तर मात्र थांबू नका.